साऱ्या गावाचा निर्जळी उपास

शरयूताई,

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. टाळण्याची माझी रीत साधी होती. कोणी त्या गावाचा विषय काढला की मी पिकापाण्याकडे वळायचो, आणि पिकापाण्यावर बोलणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरला आपल्याकडे कोणी अडवत नाही. तुम्ही होतात तोवर वाटायचं, सांगायचं ते तुम्हालाच सांगू, जगाला कशाला? आता तुम्ही नाही. परवा वर्ध्याला तुमची शोकसभा झाली आणि त्या सभेत मी हसलो. त्या हसण्याची किळस अजून तोंडातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

सभा तुम्हाला मुळीच आवडली नसती. कोणी तरी तुमचा नागपूरच्या क्लबातला फोटो शोधून आणला होता. झिरझिरीत पदर, कानांवर वळवलेले केस. त्याला घातलेला झेंडूचा हार इतका जाड, की हनुवटीच्या खाली तुम्ही दिसतच नव्हतात. ज्यांच्या ओसरीवर तुम्हाला कधी कोणी बस म्हटलं नाही, ते लोक तुम्हाला ‘वंदनीय’ म्हणत होते. एकाने तर ‘माऊली’ म्हटलं. हा शब्द ऐकून तुम्ही चष्मा काढून पुसत बसल्या असतात. राग आला की तुम्ही तेच करायचात.

मग आमच्या पाटलांचा नातू बोलायला उठला. आता तो पुढारी आहे. पुढारी झाल्यापासून तो दर भाषणात एक विनोद सांगतो. परवाचा विनोद तुमच्यावर होता.

“ताईंचं मन आभाळाएवढं,” तो म्हणाला, “पण पंचांग कच्चं! आमच्या गावची विहीर सगळ्यांना खुली करायला निघाल्या, आणि दिवस कोणता निवडला? सारं गाव निर्जळी उपासाला बसलं होतं त्या दिवशी! आता बोला!”

सभागृह हसलं. शोकसभेत हसायला मिळालं की लोकांना बरं वाटतं. मी व्यासपीठावर होतो. माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवलेली होती. मीही हसलो.

ताई, त्या दिवशी कोणताही उपास नव्हता. फाल्गुनातला एक साधा मंगळवार होता. हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत होतं, आणि भागरथाबाईला माहीत होतं. तुम्ही दोघी गेलात. उरलो मी.

गाव आंजीच्या पलीकडचं, माझंच. नाव लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या गावांना हायसं वाटेल.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमची मोटर बैलगाडीच्या चाकोरीत रुतली होती. काळा चष्मा, हातात छत्री, पायात उंच टाचांचे बूट. पोरं मागे धावत होती. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनवाल्यांची लेक, नागपूरच्या बॅरिस्टरची बायको, टेनिस खेळणारी, साहेबलोकांना चहा पाजणारी, एवढंच आम्ही तुमच्याबद्दल ऐकून होतो. पाटील खाटेवरून उठले नाहीत.

“तुमी कोन सरकारकडून आल्या?” त्यांनी विचारलं.

“कोणाकडूनच नाही.”

“मंग कोनत्या पार्टीच्या?”

“कोणत्याच नाही, पाटील. मी कोणीच नाही, म्हणून तर आले. कोणी असते तर तुम्ही माझ्याशी बोलला असता का?”

पाटील हसले. मला वाटतं तिथेच तुम्ही अर्धं काम केलं होतं. हिंगणघाटला गिरणीतले कामगार आणि तुमचे स्वतःचे भाऊ यांच्यात तुम्ही असंच येणं-जाणं केलं होतं. कलेक्टरसाहेब आणि मोर्चेवाले एकमेकांची तोंडं बघायला तयार नसायचे, तेव्हा दोघेही तुम्हाला निरोप धाडायचे. तुम्हाला ना पद होतं, ना शिक्का. मी एकदा विचारलं होतं, हे कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, “जेवणावळी घालून. भांडलेली माणसं कधी समोरासमोर बसवू नयेत, मास्तर. समोर बसलं की माणूस भांडतो. शेजारी बसला की कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस कबूल होतो.”

मला हे उथळ वाटायचं. तुम्हाला तोंडावर म्हटलंही होतं.

तुमच्या कपाची गोष्ट तुम्ही मला सांगितलीत ती अशाच एका वादात. नागपूरच्या तुमच्या बंगल्यात एक मोठी पार्टी झाली होती. एक वकील आले होते, शिकलेले, इंग्लंडला जाऊन आलेले. जातीने आपण ज्यांना बाहेर उभं करायचो त्यांच्यातले. तुम्ही मुद्दाम त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि त्याचा तुम्हाला अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मागच्या अंगणात गेलात, तर मोरीच्या भिंतीवर एक कप वेगळा उपडा घातलेला. कानतुटका. स्वयंपाक्याने आपणहून त्यांच्यासाठी तो काढला होता, आणि नंतर तो घरात घेतला नव्हता.

“माझंच घर,” तुम्ही म्हणालात, “आणि मागच्या दाराला काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून दिवाणखान्यात बसवेना.”

मी तेव्हा मान हलवली. मला वाटलं, श्रीमंत बाईला उशिरा जाग आली. आमच्या मागच्या दाराशी काय चालतं ते मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत असण्यालाच मी शहाणपण समजत होतो.

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या गावकुसाबाहेरची सारी वस्ती नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यांनी मेलेली गुरं ओढायचं बंद केलं. हक्काची भाकर मागायलाही कोणी आलं नाही. गावाला ते झोंबलं. गावाने त्यांची मजुरी बंद केली, दुकान बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. वस्तीला पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं, आणि तो फाल्गुन लागायच्या आत आटला. इकडे गावातही गहू उभा वाळत होता आणि सोंगायला हात नव्हते. दोन्हीकडचे अडले होते, पण आधी बोलायचं कोणी, यावर सगळं थांबलं होतं.

तुम्ही तीन आठवडे मोटरने येत होतात. मग मोटर सोडून आमच्या खासरात, बैलांच्या हलक्या गाडीत, बसून यायला लागलात. एकदा पाटलांच्या ओसरीवर, एकदा वस्तीतल्या विहाराच्या मांडवात. तुम्ही भाषण कधीच केलं नाही. गव्हाविषयी बोलायचात, मुलींच्या लग्नांविषयी, कोणाच्या गुडघ्याविषयी. आणि त्यातूनच ठरलं: ज्याचं जनावर मरेल त्याने त्याची सोय करायची. मजुरी सुरू. दुकान, गिरणी खुली. आणि देवळामागची विहीर, जी सरकारी पैशाने बांधलेली होती पण गावाने आपलीच मानली होती, ती सगळ्यांची.

आमच्या भागात जुनी रीत आहे. भावाभावांचा तंटा मिटला, बांधाचं भांडण संपलं, की निंबाखाली बसून एका गडव्यातलं, म्हणजे तांब्यातलं, पाणी दोन्हीकडच्यांनी ओंजळीने प्यायचं. कागद नाही, शपथ नाही. पाणी प्यालं की संपलं. मग कोणी मागचं काढायचं नाही. ही रीत तुम्ही म्हाताऱ्यांकडून काढून घेतलीत आणि नेमकी तीच पुढे ठेवलीत. पाटलांना नाही म्हणता येईना. गावचीच रीत होती.

“पानी काढन कोन?” पाटलांनी विचारलं.

“भागरथाबाई,” तुम्ही म्हणालात.

भागरथाबाई वस्तीतली, माझ्याच वयाची, तिखट तोंडाची. पाटलांनी पान लावलं, सावकाश खाल्लं.

“ठीक हाये. पन आमच्यातलं आधी कोनीतरी पेईन, मंग मी. मास्तर पेईन. तो शिकेल हाये, त्याले सारं चालते.”

सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, “पिईन की. त्यात काय?”

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी आपलं ते भांडण झालं, जे कधी पुरं झालं नाही. मी म्हटलं, “ताई, हा दिखावा आहे. आधी मनं बदलायला हवीत. मन न बदलता पाणी प्यालं तर ते पार्टीतल्या सरबतासारखं.” तुम्ही म्हणालात, “मास्तर, मन बदलायची वाट पाहायला वस्तीकडे पाणी नाही. आधी पिऊ द्या. मन मागून येईल, नाही आलं तरी तहान भागेल.” मी तुम्हाला वरवरच्या म्हटलं. तुम्ही हसून म्हणालात, “असेन. पण तुम्ही प्यालात की पाटील पितील, आणि पाटील प्याले की गाव. एवढंच हवंय मला तुमच्याकडून.”

तुम्ही माझ्याकडून फार थोडं मागितलं होतं.

मंगळवारी सकाळपासून मी धावपळ करत होतो. निंबाखाली सतरंज्या टाकल्या. कोण कुठे बसेल ते तुम्ही ठरवलं होतं. वस्तीतले आणि गावातले आलटूनपालटून, शेजारी शेजारी. ऊन चढलं होतं. माझा घसा कोरडा पडला होता, आणि घरी जाऊन पाणी पिण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. भागरथाबाई नवं पांढरं लुगडं नेसून आली. तिने विहिरीतून पाणी शेंदलं. दोर तिच्या हातात पहिल्यांदाच आला होता, तरी पाण्याचा गुंड एकदाही विहिरीच्या काठाला लागू दिला नाही. बायका पदराआडून पाहत होत्या. त्यांत माझी आई होती.

चिंचेने घासलेला पितळी गडवा घेऊन ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी वाकलो. ओंजळ पुढे केली.

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहिलं.

लहानपणी भागरथाबाई तिच्या आईबरोबर आमच्या मागच्या दाराला यायची. माझी आई उंबऱ्यावर उभी राहून वरून पाणी ओतायची आणि ती खाली वाकून ओंजळीने प्यायची. धार तुटली की आई गडवा मागे घ्यायची आणि चुलीतली राख घेऊन घासायची. मी दारात उभा राहून ते पाहायचो. कितीदा पाहिलं असेल. आणि त्या मंगळवारी मी खाली वाकलेला होतो, माझी ओंजळ पुढे, आणि वरून ओतणारा हात तिचा.

मला किळस आली, ताई.

भीती नव्हे. बहिणीची सोयरीक अडेल म्हणून केलं, असं मी पुढे स्वतःला आणि एक-दोघांना सांगत आलो. ते खोटं आहे, सोयरीक आधीच मोडलेली होती. किळस येण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. गडवा लखलखीत, पाणी आमच्याच विहिरीचं, तिचे हात माझ्यापेक्षा स्वच्छ. तरी आली. वर्ध्याला सहभोजनांत मी पहिल्या पंगतीला बसायचो, खादी घालून. तिथे वाढणारे अनोळखी असायचे आणि आई बघत नसायची. माणसाचं पोट इतकं जुनं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी ओंजळ मागे घेतली आणि म्हणालो, “आज मले उपास हाये. निर्जळी.”

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग पाटील माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात माझं कौतुक होतं. मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यात घाणेरडं कौतुक ते.

“हो ना,” पाटील म्हणाले. “मास्तरनं बरी आठवन देली. माहा बी उपास हाये.”

“माहा बी,” मागून कोणीतरी.

“माहा तं सोमवार राह्यते.”

“अबे, आज मंगळवार हाये ना!”

“मंग मंगळवार समज! निर्जळी म्हनजे निर्जळी!”

हशा पिकला. एका मागून एक, साऱ्या सतरंजीला उपास लागला. एकाचे ओठ पानाने लाल होते आणि तो पिंक टाकून म्हणाला, “मी तं कालपासून थेंब नाई घेतला.” कोणी कोणाला शिवी दिली नाही. कोणी करार मोडला असं म्हटलं नाही. इतक्या सभ्यपणे, हसत हसत, एका वस्तीची तहान गावाने नाकारली, आणि त्याला शब्द मी पुरवला.

भागरथाबाई गडवा धरून तशीच उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “मास्तर, उपास सुटला का येजो. पानी इथंच हाये.”

तेव्हा तुम्ही उठलात. तिच्यापुढे गुडघे टेकून बसलात आणि ओंजळ धरलीत. पाणी तुमच्या कोपरांवरून ओघळत होतं, रेशमी पदर भिजत होता, आणि तुम्ही पीत होतात, गडवा रिकामा होईपर्यंत. गाव बघत होतं. मी जमिनीकडे बघत होतो. मग घरी गेलो, दाराआड माठाजवळ उभा राहिलो आणि दोन गडवे पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी विहिरीभोवती बोरीचे काटे पडले. पाटलांनी बाहेरून मजूर आणून गहू सोंगला. उन्हाळ्यात वस्तीतली निम्मी घरं उठून हिंगणघाटला गेली. भागरथाबाईचंही गेलं.

तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते तुमच्याही कानावर आलंच असेल. टेनिसच्या बॉलऐवजी बाईला आता गाव खेळायला पाहिजे होतं. साहेब गेले, पार्ट्या संपल्या, मग करमेना. हे बोलणाऱ्यांच्या सोबत बसून मी चहा पीत होतो. उठलो नाही.

कलेक्टरसाहेबांनी तुम्हाला आणि मला बोलावलं. “इतकं ठरलं होतं, नेमकं काय बिनसलं?” तुम्ही काही बोलायच्या आत मी म्हणालो, “बाईंनी जरा घाई केली, साहेब.”

तुम्ही चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि म्हणालात, “दिवस मी निवडला. पंचांग पाहायला हवं होतं. त्या दिवशी गावाचा उपास होता. चूक माझी.”

ताई, परवाचा तो विनोद तिथे जन्मला. तुमच्या तोंडून, माझ्यासाठी.

बाहेर मोटरीशी मी विचारलं, का केलंत असं? तुम्ही दार उघडता उघडता म्हणालात, “मी उद्या नागपूरला जाईन. तुम्हाला त्या गावात राहायचंय. पुढच्या वेळी पिणारा एक तरी माणूस तिथे लागेल. तुम्हाला आज खोटं पाडलं तर तोही राहणार नाही.”

म्हणजे तेव्हाही तुम्ही कोणाला कुठे बसवायचं तेच ठरवत होतात. मला तुम्ही पुढच्या पंगतीसाठी राखून ठेवलंत. तुमच्या चांगुलपणाचा मला रागच आला त्या क्षणी, आणि अजून थोडा येतो. तुम्ही मला तिथेच खोटं पाडायला हवं होतं. तुमच्या त्या सभ्यतेमुळे मी चाळीस वर्षं आदरणीय गुरुजी म्हणून फिरलो. माझे सत्कार झाले. समतेवर माझी व्याख्यानं झाली. पुढची वेळ मात्र आली नाही. गावात नळ आले, आणि नळ आल्यावर कोणाला बदलण्याची गरजच उरली नाही.

तरीही, तुमच्या उपकाराचं ओझं आहेच. हिंगणघाटला वस्तीतल्या पोरांसाठी तुम्ही शाळेत जागा मिळवून दिल्यात, गिरणीत कामं लावलीत, दरवर्षी भागरथाबाईकडे जाऊन पाणी पिऊन येत होतात. हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या नागपूरच्या घरी आलो, ते फक्त एक वाक्य बोलायला. बसमध्ये ते घोकत आलो होतो. तुम्ही वाळून काडी झाल्या होतात, ऐकायला कमी यायचं, पण पदर तसाच चापूनचोपून. मुलीने पाणी आणून ठेवलं. तुम्ही पेल्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि डोळे बारीक करून म्हणालात, “आज उपास नाही ना, मास्तर?”

मी पाणी प्यालो. म्हटलं, “ताई, त्या दिवशी...”

तुम्ही हात वर केलात. “ते मला सांगून काय उपयोग? मी तर पाणी प्याले होते. भागरथाबाईकडे जा. अजून आहे ती. पत्ता देते.”

मी जातो म्हणालो. मग आपण पिकापाण्यावर बोललो.

गेलोही, ताई. एवढं तरी तुम्हाला कळू द्या. हिंगणघाटच्या स्टँडवर उतरलो. वेणा नदीच्या पुलाकडे, तिच्या घराकडे जाणारा रस्ता विचारून घेतला. रसवंतीवर बसून उसाचा रस प्यालो. आणि वर्ध्याची बस लागली तशी तिच्यात चढलो. गेल्या उन्हाळ्यात भागरथाबाई गेल्याचं तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही फोनवर तेवढंच सांगितलंत, आणि मी गेलो होतो का, हे विचारलं नाहीत. आता तुम्हीही गेलात.

पाटलांच्या नातवाला उद्या सांगेन, तो विनोद पुन्हा सांगू नकोस म्हणून. तो विचारेल, काऊन? तेव्हा काय सांगायचं ते आज ठरवतो आहे. तेच वाक्य, जे मी बसमध्ये घोकलं होतं, जे तुमच्यापुढे अर्धं राहिलं आणि तिच्या दारापर्यंत पोचलंच नाही.

भागरथाबाई, त्या दिवशी मला उपास नव्हता. मला तहान लागली होती.